तिसऱ्या रिंगच्या आत

माणसं आरोग्य विमा कसा निवडतात? कुणी जावयाला विचारतं, कुणी शेजाऱ्याला, कुणी पत्रकावरच्या हसऱ्या म्हाताऱ्याच्या फोटोकडे बघून बोट ठेवतं. आमच्या ट्रंकबाईंनी यातलं काही म्हणजे काही केलं नाही. त्यांनी एक दोनशे पानी वही आणली, पट्टीनं तीन रकाने आखले, चष्मा पुसला आणि फोन लावायला बसल्या.

पहिल्या रकान्यात तारीख आणि वेळ. दुसऱ्यात, किती रिंग वाजल्या. तिसऱ्यात, माणसाचा आवाज यायला किती सेकंद लागले. बस्स. हप्ता किती, खोली कसली, जेवण मिळतं की नाही, याला वहीत जागाच नव्हती.

"आई, विमा घेतेयस की कुणाची परीक्षा?" मुलगी दुसऱ्या गावाहून फोनवर म्हणाली.

"गरज पडेल त्या दिवशी पत्रक माझ्याशी बोलणार नाहीये," बाई म्हणाल्या. "फोन उचलणारा बोलणार आहे. उचलला तर."

मुलीनं हात टेकले.

ट्रंकबाई हे सोसायटीनं ठेवलेलं नाव. बाईंनी चौतीस वर्षं टेलिफोन खात्यात, ट्रंक एक्स्चेंजमध्ये काढली. ज्यांनी तो जमाना पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. परगावी बोलायचं तर आधी फोनवरून नंबर नोंदवायचा आणि वाट बघत बसायचं. एका लांब हॉलमध्ये वीस-पंचवीस बाया कानाला हेडफोन लावून बोर्डासमोर बसलेल्या असायच्या. बोर्डावर दिवा लागला की दोर उचलायचा, भोकात खुपसायचा, पलीकडच्या गावच्या ऑपरेटरला नंबर सांगायचा, आणि दोन्हीकडची माणसं आली की "बोला" म्हणून बाजूला व्हायचं. मागून सुपरवायझर येरझाऱ्या घालायची. तिच्या चपलांचा आवाज ऐकू आला की पाठी आपोआप ताठ व्हायच्या. तिथला पहिला नियम असा, की दिवा लागला तर तिसऱ्या रिंगच्या आत माणसाचा आवाज गेलाच पाहिजे. काम होवो न होवो, पण आवाज गेला पाहिजे. दुसरा नियम, तीन मिनिटं झाली की मध्ये जाऊन सांगायचं, "तीन मिनिटं झाली, वाढवू का?" हो म्हणाले तर पुढची तीन. नाही म्हणाले किंवा लाइन दुसऱ्याला हवी असली तर दोर ओढायचा.

हॉलमध्ये नावं नव्हती. प्रत्येकीला नंबर. बाई सतरा नंबर.

आणि पलीकडच्या गावात होता चार नंबर.

दोन वर्षं या दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं. दिवसातून चाळीस वेळा आवाज मात्र कानात. "सतरा, तुमच्याकडे पाऊस आहे का हो? लाइन खरखरतेय." "चार, कामाचं बोला." ऑपरेटरांना आपापसात बोलायला एक वेगळी लाइन असायची, गिऱ्हाइकाला ऐकू न जाणारी. त्यावर चार नंबरचा आवाज असा यायचा की हॉलमधल्या बाकीच्या बाया माना वळवायच्या. भारदस्त होता, पण त्यात हसू कुठंतरी दडवून ठेवलेलं असायचं. बाई त्या काळी नाकावर माशी बसू देत नसत. तरी चार नंबरची ड्यूटी बदलली की बाईंना चुकल्यासारखं व्हायचं, हे त्यांनी पुढं स्वतःच कबूल केलंय.

दोघांच्या कामात जमीन-अस्मानाचा फरक. बाई घड्याळाच्या. तीन मिनिटं म्हणजे तीन मिनिटं, मग बोलणारा मंत्री असो की मोलकरीण. चार नंबर ढिला. एकदा एक बाई फोनवर नुसतीच रडत होती, एक शब्द बोलेना. यानं अकरा मिनिटं लाइन चालू ठेवली आणि बिलाच्या चिठ्ठीवर तीनच लिहिली. त्याबद्दल मेमो मिळाला तर तो मेमोच त्यानं सतराला वाचून दाखवला, बातम्या सांगितल्यासारखा. बाई लाइनमध्ये जाऊन "तीन मिनिटं झाली" म्हणाल्या, की पलीकडून ऑपरेटरांच्या लाइनीवर हळूच यायचं, "वाढव गं."

"नियम आहे."

"वाढव."

कधी वाढवत, बहुतेकदा नाही.

मग एकदा ट्रेनिंगसाठी बाई त्या गावी गेल्या. कँटीनमध्ये पाठमोरा एक किडकिडीत इसम टेबलावर टिचकी मारत म्हणाला, "एक चहा." बाई जागच्या जागी उभ्याच राहिल्या. एवढा आवाज आणि एवढंसं माणूस! "चार?" त्या म्हणाल्या. तो मागं वळला आणि म्हणाला, "दोन चहा." झालं. लग्नाचं त्यानं विचारलं तेही फोनवरच, कामाच्या मधल्या फटीत, आणि बराच वेळ विचारत राहिला. बाईंच्या तोंडून काय निघावं? "तीन मिनिटं झाली." तो म्हणाला, "वाढव." त्याला होकार म्हणायचं की नाही, यावर त्यांचं पुढं चाळीस वर्षं भांडण चाललं.

असो. मुद्दा विम्याचा आहे.

एक्स्चेंज बंद झालं, बोर्ड भंगारात गेला, दोघं निवृत्त झाली. खात्याची निवृत्तांसाठी आरोग्य योजना होती, दवाखाना आणि ठरलेल्या हॉस्पिटलांची यादी असलेली. ती निमूट चालली होती. आता खात्यानं पत्र धाडलं. ज्यांना सरकारी योजनेत राहायचं त्यांनी राहावं, नसेल तर खासगी कंपनीचा विमा घ्यावा, खातं हप्त्याला हातभार लावील. मात्र निवड एकदाच. तीस तारखेच्या आत. नंतर मागं फिरता येणार नाही. नवरा-बायको दोघं खात्यातलेच असतील तर अर्ज एकच, दोघांच्या संमतीनं.

आणि इथं बाईंचा जीव टांगणीला लागला, कारण दोन वर्षांपूर्वी चार नंबरना झटका आला होता. उजवा हात गेला, उजवा पाय ओढत चालायचा, आणि आवाज गेला. अगदी गेला नाही म्हणा. घरात तीन शब्द उरले होते, "चहा", "नको" आणि "सतरा". तेही वाकडेतिकडे, ओल्या कापडातून आल्यासारखे. पण बायकोला ते कळत. फोनला मात्र त्यांनी हात लावणं सोडलं. रिंग वाजली की मान फिरवून खिडकीबाहेर बघत. ज्या माणसाच्या आवाजाला हॉल माना वळवायचा, त्यानं स्वतःचा हा आवाज लोकांना ऐकवायचा नाही असं ठरवलं होतं. बाईंनीही कधी आग्रह केला नाही. घरातला जुना काळा फोन त्यांनी तेवढा काढू दिला नव्हता, मुलगी कितीही म्हणाली तरी.

दुसरा झटका येऊ शकतो, डॉक्टरांनी सांगितलंच होतं. आला तर कुठं न्यायचं, कोण दार उघडणार, हे एका कागदावर ठरणार होतं, आणि तो कागद बाईंच्या हातात होता.

मुलीचं मत स्पष्ट होतं. "खासगी घे आई. बाबांच्या वेळचं विसरलीस? चार खाटांची खोली, टोकाला एक न्हाणीघर, आणि तू अकरा दिवस स्टुलावर."

स्टुलाचं बाईंना काही नव्हतं. त्यांना टोचत होतं वेगळंच. त्या वेळी हॉस्पिटलनं सांगितलं होतं, खात्याचं मंजुरीचं पत्र आल्याशिवाय पुढची तपासणी नाही. बाईंनी हॉस्पिटलच्या बोळातून आरोग्य योजनेच्या ऑफिसात फोन लावला. वाजतोय, वाजतोय, कुणी उचलत नाही. चाळीस रिंग मोजल्या त्यांनी. भिंतीला टेकून, एका हातानं नवऱ्याचे बूट धरून. पत्र संध्याकाळी आलं म्हणा कुठून तरी, तपासणीही झाली. पण त्या चाळीस रिंग बाईंच्या डोक्यातून गेल्या नाहीत. टेलिफोन खात्याच्या ऑफिसात टेलिफोन उचलत नाहीत! त्यांच्या लेखी याहून मोठं कुठलंही पाप नव्हतं.

म्हणून ती वही. रोज तीन वेळा फोन. सकाळी साडेदहा, दुपारी दीड, चारला पाच कमी.

खासगी कंपनी, दुसऱ्या रिंगला आवाज. "नमस्कार, मी आपली काय मदत करू शकते?" रोज. न चुकता. एकदा तर पहिली रिंग पुरी व्हायच्या आत. बाई खूश. मुलींना वळण लावलंय कुणीतरी, त्या नवऱ्याला सांगत. चार नंबर खुर्चीत बसून वहीकडे तिरकं बघत.

सरकारी ऑफिस, बावीस रिंग, कुणी नाही. तीस रिंग, कुणी नाही. चाळीस. चाळीस. चाळीस. एकोणीस दिवस तीच गत.

विसाव्या दिवशी बाईंनी वही मिटली. "खासगी," त्या म्हणाल्या. "आधीचे आजार पहिली तीन वर्षं धरत नाहीत म्हणे, पण ती कशीतरी काढू. निदान कुणी ऐकणारं तरी आहे."

"नको," चार नंबर म्हणाले.

"नको काय नको? हे बघा आकडे."

चार नंबरनी आकडे बघितले आणि ते खिडकीबाहेर बघायला लागले. बाईंनी फॉर्म मागवला.

दोन दिवसांनी कंपनीचा फोन आला. तिथली मुलगी गोड बोलली. सगळं ठीक आहे मॅडम, फक्त एक पडताळणीचा कॉल. विमा ज्यांचा, त्या प्रत्येकानं स्वतः बोलायचं. नाव, जन्मतारीख, आधीचे आजार, संमती. कॉल रेकॉर्ड होतो.

"ते आजारी आहेत. मी सांगते त्यांच्या वतीनं."

"सॉरी मॅडम. स्वतःच बोलावं लागेल."

बाईंनी फोनवर हात ठेवला आणि नवऱ्याकडे पाहिलं. अहो, एवढं कराल का, असं त्यांनी विचारलंही नाही. नुसतं पाहिलं. आणि चार नंबर उठले. पाय ओढत आले, डाव्या हातानं रिसीव्हर घेतला. दोन वर्षांनी. बाईंनी कान जवळ नेला.

"सर, आपलं पूर्ण नाव सांगाल?"

चार नंबरनी तोंड उघडलं. मानेवरची शीर तट्ट फुगली. काहीतरी निघालं, त्याला नाव म्हणता आलं नसतं.

"सर, जरा स्पष्ट बोलता का?"

पुन्हा. कपाळावर घाम.

"अगं, त्यांना झटका येऊन गेलाय," बाई मध्ये पडल्या.

"मॅडम, प्लीज मध्ये बोलू नका, रेकॉर्ड होतंय. सर? सर, आपला आवाज येत नाहीये. सर, प्रत्येक कॉलला वेळ ठरलेला असतो. आपण नंतर पुन्हा प्रयत्न करू. आपला दिवस शुभ जावो."

कट्.

बाईंची नजर सवयीनं घड्याळावर गेली होती. तीन मिनिटं दहा सेकंद.

त्यांना त्या मुलीला फाडून खायचं होतं. पण शिवी ओठावर येऊन थांबली, कारण तो आवाज त्यांनी ओळखला. तो त्यांचाच होता. पस्तीस वर्षांपूर्वी एका म्हाताऱ्याचा कॉल होता, मुलाला. त्याला दमा. एकेक शब्द काढायला वेळ लागत होता. "तुझी... तब्येत..." एवढ्यावर तीन मिनिटं झाली. बोर्डावर सहा दिवे लागलेले, मागं चपलांचा आवाज. बाईंनी "तीन मिनिटं झाली, वाढवू का?" विचारलं. त्याला हो म्हणायलाही दम लागला, आणि त्यांनी दोर ओढला. त्या संध्याकाळी त्यांनी चार नंबरना ते सांगितलं. तोवर लग्न होऊन तेही याच एक्स्चेंजला आले होते. कँटीनमध्ये त्यांनी आपला चहाचा कप फक्त बाईंच्या पुढं सरकवला. "बिचारा," एवढंही म्हणाले नाहीत. तो सरकवलेला कप बाईंना अजून आठवतो.

चार नंबर खुर्चीत जाऊन बसले. लेक गावाहून फोनवर म्हणाली, पुन्हा वेळ घेता येईल, सराव करून घे. बाईंनी वाटीत पाणी आणलं, जवळ बसल्या, म्हणाल्या, "चहा टाकू?"

चार नंबर खिडकीबाहेर बघत राहिले.

"अहो."

दुसरा दिवस गेला, तिसरा गेला. "चहा" नाही, "नको" नाही. "सतरा" नाही. बाईंना संसारात भांडणाची सवय होती, शांततेची नव्हती. झटक्यानं सोडलेले ते तीन शब्द आपण आपल्या हातानं घालवले, हे त्यांच्या मनानं घेतलं, आणि त्यांना जेवण गोड लागेना. चौथ्या दिवशी कॅलेंडरवर तीस तारीख होती.

अशा वेळी माणूस रडतो, नाहीतर भांडतो. ट्रंकबाई भांडायला निघाल्या. वही पिशवीत टाकली, सरकारी योजनेचा कोरा फॉर्म टाकला आणि आरोग्य योजनेच्या ऑफिसचे दोन जिने चढून, धापा टाकत वर पोचल्या. एकोणीस दिवस गुणिले तीन फोन. कुणाच्या तरी तोंडावर त्या वहीची पानं उघडून धरल्याशिवाय त्या घरी जाणार नव्हत्या.

वर एक बोळ होता. बोळात बाकं, बाकांवर म्हातारी माणसं. टोकाला एक जाळीची खिडकी, पण खिडकीत कुणी नाही. बाईंना आनंदच झाला, तक्रार आणखी भक्कम झाली म्हणून. तेवढ्यात त्यांच्या लक्षात आलं, की खिडकीतला कारकून बाहेर बाकावर बसलाय. पन्नाशीचा, सर्दी झालेला, मांडीवर पॅड. शेजारच्या आजोबांचा फॉर्म भरत होता आणि त्यांच्या कानात ओरडत होता, "काका, साखरेच्या गोळ्या कधीपासून? लग्नाच्या आधीपासून का नंतर?"

"नंतर!" आजोबा ओरडले. "तिच्यामुळंच!"

बाक हसला. बाई हसल्या नाहीत. त्यांनी वही काढली आणि कारकुनापुढं धरली. "हे काय आहे ते वाचा. एकोणीस दिवस. या ऑफिसात फोन उचलायला माणूस नाही?"

कारकुनानं वही घेतली, पानं उलटली. रुमालानं नाक पुसलं. त्याचा चेहरा अगदी पडला. "काकू, हा नंबर बंद खोलीतला आहे."

"म्हणजे?"

"आमच्या मोठ्या बाई निवृत्त झाल्या ना, त्यांच्या टेबलावरचा. अडीच वर्षं झाली. त्यांच्या जागी कुणी दिलंच नाही. खोलीला कुलूप आहे. पत्रकावर नंबर तोच छापतात अजून. मी तीनदा लिहून दिलं, वायर इकडं ओढून द्या म्हणून. टेलिफोन खात्याकडेच अर्ज पडलाय, आता काय सांगू तुम्हाला. आवाज ऐकू येतो भिंतीतून. पण किल्ली वरच्या मजल्यावर, आणि इथं ही सगळी बसलेली."

बाईंनी बाकांकडे पाहिलं. अठरा-वीस माणसं. प्रत्येकाच्या हातात फॉर्म, आणि निम्म्यांवर एकाच हातचं अक्षर. त्यांनी चौतीस वर्षं एकच गोष्ट मानली होती, की फोन उचलला जात नाही तिथं माणूस नसतो.

"दोन वर्षांपूर्वी," त्या म्हणाल्या, पण आवाजातली धार गेली होती, "माझा नवरा हॉस्पिटलात होता. मी इथं चाळीस रिंग दिल्या. मंजुरीच्या पत्रासाठी."

"नाव सांगा." कारकून आत गेला, फाइल घेऊन आला. आत एक पोच होती, हॉस्पिटलच्या शिक्क्याची, त्याच दिवसाची. "हां. हॉस्पिटलातून सकाळच्या यादीत नाव आलं होतं. पत्र मीच ऑफिस सुटल्यावर नेऊन तिथल्या खिडकीवर दिलं. माझ्या घरच्या वाटेवरच आहे ते. तुम्हाला कुणी सांगितलं नाही?"

नाही. कुणी सांगितलं नव्हतं. बाईंनी वही हळूच पिशवीत घातली. लाज वाटली त्यांना, आणि ती लाज वाटल्याचं बरंही वाटलं.

फॉर्म भरायला दहा मिनिटं लागली. सरकारी योजना, दोघांसाठी, आधीचे आजार सगळे चालतात. शेवटच्या ओळीशी कारकून थांबला. "साहेबांची सही?"

सही नव्हती. बाई भांडायला निघाल्या होत्या, फॉर्म भरायला थोड्याच. घरी जाऊन परत येईपर्यंत ऑफिस बंद होणार. तीस तारीख.

कारकुनानं डोकं खाजवलं. "फोनवर तोंडी संमती चालते. ऑफिसच्याच फोनवरून, एका साक्षीदारासमोर. तुम्ही मध्ये बोलायचं नाही तेवढं."

बाईंनी मान हलवली. "ते बोलत नाहीत फोनवर. आता तर घरातही नाहीत."

"लावून तर बघू." तो वर जाऊन किल्ली घेऊन आला. साक्षीदार म्हणून बाकावरचे ते साखरेवाले आजोबाच उठले. एका कानानं ठार बहिरे, पण दुसरा बरा आहे अशी त्यांनी स्वतःच ग्वाही दिली. जन्मभर लाइनमन होतो, याच गावच्या ट्रंक एक्स्चेंजच्या तारा खांबावर चढून जोडल्यात, फोनचं मला सांगू नका, म्हणाले.

खोली उघडली. धूळ. टेबल, त्यावर काळा फोन, ज्यावर बाईंनी सत्तावन्न वेळा रिंग दिली होती. कारकुनानं घरचा नंबर फिरवला आणि रिसीव्हर स्वतःच्या आणि लाइनमनच्या डोक्यामध्ये धरला. त्या शांत खोलीत पलीकडची रिंग बाईंनाही ऐकू येत होती.

एक. दोन. तीन.

त्यांना घर दिसत होतं. खुर्ची, खिडकी, फिरवलेली मान. सात. आठ. "ठेवा भाऊ," बाई म्हणाल्या. "नाही उचलायचे ते."

"माणूस घरात आहे ना काकू? पाय ओढत यायला वेळ लागतो. वाजू दे."

बारा. तेरा. चौदा.

खट्ट.

पलीकडं श्वास. नुसता श्वास.

"नमस्कार साहेब," कारकून म्हणाला. "आरोग्य योजनेतून बोलतोय. तुमच्या मिसेस इथंच आहेत, काळजी नको. एवढंच विचारायचंय, सरकारी योजनेत राहायला तुमची संमती आहे का? सावकाश सांगा."

श्वास. मग एक घरघर. मग काही नाही. बाईंचे डोळे भिंतीवरच्या घड्याळाकडे गेले. ते बंद होतं, म्हणून मनगटावरच्याकडे वळले. एक मिनिट. दोन. तीन मिनिटं झाली आणि त्यांचा सगळा जन्म त्यांच्या घशाशी आला. आता कट् होणार.

कारकुनानं रिसीव्हर खांद्यात धरला, खिशातून रुमाल काढला, नाक पुसलं आणि पुन्हा कानाला लावला. "घाई नाही साहेब. मी आहे इथं."

सव्वाचार मिनिटांनी आलं. वाकडं, ओलं, पण आलं. "हो."

"वा! आता ओळखीपुरतं एकच. बायकोचं नाव सांगा."

या वेळी फार वेळ लागला नाही. कारकुनाच्या भुवया वर गेल्या. "काकू, हे सतरा म्हणतायत."

बाईंचा पदर तोंडाशी गेला होता. बोलले ते लाइनमन, सगळ्या मजल्याला ऐकू जाईल असे, "सतरा नंबर! अहो, ट्रंकची सतरा! बरोबर आहे, लिहा!"

कारकुनानं लिहिलं. लाइनमननी सही ठोकली. मग कारकुनानं काही न विचारता रिसीव्हर बाईंच्या हातात दिला आणि लाइनमनना दंडाला धरून बाहेर नेलं.

बाईंनी तो कानाला लावला. पलीकडं तोच श्वास. चाळीस वर्षांचं सगळं एकदम दाटून आलं होतं. शेवटी जे येत होतं तेच तोंडातून निघालं.

"चार? सहा मिनिटं झाली."

आणि पलीकडून, पाचवा शब्द, दोन वर्षांत कधी न ऐकलेला, फार वेळ घेऊन एकेका अक्षरानं आला.

"वाढव."

बाईंनी धुळीनं भरलेली खुर्ची पुढं ओढली आणि बसल्या.